टपाचे पाठभेद
उघड्या मोटारींचे कापडी छप्पर आणि त्याची दुरुस्ती

मोटारगाडीचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा इंजिनाकडे लागलेले असते. अश्वशक्ती किती, वेग ताशी किती मैल, कोणत्या कारखान्याने कोणत्या वर्षी कोणते यंत्र बसविले, ह्यांची नोंद कसोशीने ठेवली जाते. गाडीच्या डोक्यावरील छप्पर मात्र ह्या नोंदींत क्वचितच येते. वास्तविक मोटारीहून वयाने मोठे असे जे थोडे अवयव मोटारीस लाभले, त्यांत दुमडता येणाऱ्या छपराचे स्थान वरचे आहे.

आपल्या भाषेने ह्या अवयवासाठी नवा शब्द घडविला नाही. बैलगाडीचा टप, टांग्याचा टप, व्हिक्टोरियाचा टप आणि पुढे मोटारीचा टप असा एकच शब्द वाहन बदलले तरी टिकून राहिला. छप्पर लोखंडी झाले तेव्हाही तो गेला नाही, एस.टी.च्या टपावर सामान चढविणाऱ्यांच्या तोंडी तो आजही आहे. शब्दाचे हे सातत्य फसवे नाही. घोडागाडीचा टप आणि मोटारीचा कापडी टप ह्यांची घडण, त्यांची दुखणी आणि त्यांवरील उपचार ही एकाच परंपरेची अंगे आहेत.

ह्या परंपरेविषयी आम्हांस जे म्हणावयाचे आहे ते थोडक्यात असे. मोटारीचा पत्रा शंभर वर्षे टिकू शकतो. कापडी टप उन्हापावसात फार तर दहापंधरा वर्षे निभावतो. म्हणजे ऐंशी वर्षांच्या एखाद्या गाडीवर आज दिसणारे कापड हे पहिले कापड क्वचितच असते. ती एका नकलेची नक्कल असते. छापखाना येण्यापूर्वी आपले ग्रंथ जसे पोथीवरून पोथी उतरवीत जगले, तसा हा टप कापडावरून कापड बेतीत जगला. यास्तव टपाचा इतिहास हा त्याच्या दुरुस्तीचाच इतिहास ठरतो, आणि जुने कापड फेकून देणे हे जुनी पोथी फेकून देण्यासारखे ठरू शकते.

घोडागाडीचा वारसा

अठराव्या शतकात युरोपात 'लँडो' नावाची घोडागाडी प्रसिद्धीस आली. जर्मनीतील लांडाऊ ह्या गावावरून तिला हे नाव मिळाले. तिला समोरासमोर उघडणारे दोन टप असत. दोन्ही उचलले की मध्यावर एकमेकांस भिडत आणि गाडी बंद होई. पुढे एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय झालेल्या व्हिक्टोरियाला एकच टप असे. तोच मुंबईच्या रस्त्यांवर दीर्घकाळ दिसत राहिला. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या फेऱ्या मारणाऱ्या घोडागाड्या बेकायदेशीर ठरविल्या, तेव्हा शहराच्या दृश्यातून हा टपही निघून जाण्याची वेळ आली.

ह्या टपांचा सांगाडा लाकडी अथवा लोखंडी कमानींचा असे. कमानी एका बिजागरीभोवती फिरत आणि पंख्याच्या काड्यांप्रमाणे मागे मिटत. त्यांमधील अंतर कायम राखण्यासाठी आतून नवारीच्या पट्ट्या ठोकलेल्या असत आणि सर्वांवर कातडे ताणलेले असे. कातडे जलरोधक ठेवावयाचे तर त्यास तेल पाजावे लागे. तेल कमी पडले की नेमक्या घडीच्या रेषेवर कातडे तडके. टपाचे हे आद्य दुखणे आहे: जेथे तो दुमडतो तेथेच तो मरतो. कातड्याची जागा पुढे कापडाने आणि कापडाची जागा कृत्रिम पदार्थांनी घेतली. ह्या नियमात मात्र फरक पडला नाही.

दुरुस्ती करणारा कारागीर खोगीर आणि लगाम शिवणाऱ्यांच्या परंपरेतला असे. आरीने आधी भोक पाडावयाचे आणि मेण लावलेल्या एकाच दोऱ्याची दोन टोके दोन सुयांनी समोरासमोरून त्याच भोकातून ओवावयाची, ही खोगिराची शिवण. तिचा गुण असा की एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही. शिवणयंत्राच्या टाक्यात वरचा व खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकतात. त्यांतील एक घासून तुटला की शिवण उसवू लागते. म्हणून ज्या ठिकाणी ताण अधिक तेथे हाताची शिवण, हा संकेत यंत्रयुगातही पुष्कळ काळ पाळला गेला. महाराष्ट्रात खोगिरे करणाऱ्यांस जिनगर म्हणत. दाभण, आरी, मेणाचा दोरा ही त्यांची हत्यारे आणि टप शिवणाऱ्याची हत्यारे एकच होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

रबराने काय दिले, काय नेले

कार्ल बेंझ ह्याने १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले, तेव्हा तिला छप्परच नव्हते. आरंभीच्या बहुतेक मोटारी उघड्या असत आणि प्रवासी अंगावर जाड डगले चढवून बसत. टप आला तो घोडागाडीवरून आणि त्यास जलरोधक करणारी युक्ती आली ती डगल्यांच्या धंद्यातून. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश ह्याने १८२३ मध्ये कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवून ते दोन कापडांच्या मधे सारण्याचे पेटंट घेतले होते. हे कापड पाणी अडवी. परंतु उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत कडक पडे. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर आणि इंग्लंडात थॉमस हॅनकॉक ह्यांनी १८४० नंतरच्या दशकात गंधक व उष्णता ह्यांच्या साहाय्याने रबर पक्के करण्याची रीत प्रस्थापित केली, तेव्हा हा दोष आटोक्यात आला. बाहेर एक कापड, मधे रबराचा थर आणि आत दुसरे कापड अशी तिपदरी रचना मोटारींच्या टपासाठी रूढ झाली. बाहेरचे कापड कधी जाड सुती असे, तर उंची गाड्यांवर अंगोरा बकरीच्या लोकरीचे.

ह्या रचनेने दुरुस्तीचे स्वरूपच पालटले. कातड्याची चीर डोळ्यांस दिसते. तिपदरी कापडात मधले रबर आधी मरते. ऊन, उष्णता आणि तेलाचा अंश ह्यांनी ते भुसभुशीत होते आणि बाहेरचे कापड धडधाकट दिसत असता पाणी आत झिरपू लागते. सायकलच्या पंक्चरला लावतात तसे सोल्यूशन लावून आतून ठिगळ देता येई. पण सर्वत्र विरलेल्या थराला ठिगळ कोठे कोठे देणार? यास्तव कापड वरून चांगले असूनही ते सबंध बदलण्याची वेळ येऊ लागली. नकलेची गरज वारंवार पडू लागली ती येथपासून.

आरंभीचे मोठे टप उभारावयास दोन माणसे लागत. पुढे एकट्याने उभारता येईल अशी रचना निघाली आणि तिची जाहिरातही तशीच होई. बाजूंना काचा नसत. अभ्रकाच्या किंवा सेल्युलॉइडच्या खिडक्या असलेले पडदे बटणांनी अडकविले जात. सेल्युलॉइड लवकर पिवळे पडे, तडके आणि चटकन पेट घेई. एवढे सोसूनही उघडी मोटार हीच कित्येक वर्षे सर्वसामान्य मोटार होती, कारण बंद मोटार फार महाग पडे. अमेरिकेत एसेक्स कंपनीची स्वस्त बंद गाडी १९२२ मध्ये बाजारात आली आणि त्यानंतरच्या काही वर्षांतच हे चित्र उलटले.

तथापि बंद गाडीचे छप्परही लगेच सर्वस्वी लोखंडी झाले नाही, हे आज अनेकांस ठाऊक नसते. सबंध छपराएवढा रुंद पत्रा एका दाबात घडविणारी साधने त्या काळी कारखान्यांत नव्हती. म्हणून कडेने पत्रा आणि मध्यभागी लाकडी पट्ट्यांवर ताणलेले जलरोधक कापड अशी बंद गाड्यांची छपरे असत. जनरल मोटर्सने १९३५ सालच्या गाड्यांवर अखंड पोलादी छप्पर आणले, तेव्हा हा कापडी तुकडा हळूहळू नाहीसा झाला. तोवर टप शिवणाऱ्यास बंद गाड्यांचेही काम मिळत होते.

ह्याच सुमारास काहींनी कापडच टाळण्याचा घाट घातला. पॅरिसचा दंतवैद्य जॉर्ज पॉलँ ह्याने आखलेले, मागच्या पेटीत जाऊन बसणारे पत्र्याचे छप्पर प्यूजो कंपनीने १९३४ पासून आपल्या काही गाड्यांवर बसविले. दुसऱ्या महायुद्धात पॉलँ जर्मनांविरुद्धच्या गुप्त प्रतिकारात सामील झाला आणि १९४२ मध्ये त्यास गोळ्या घालण्यात आल्या. त्याची कल्पना पुढे अनेकदा पुनरुज्जीवित झाली. पण वजन, किंमत आणि सामानाच्या जागेचा नाश ह्या तीन दोषांवर तिला पूर्ण मात करता आली नाही. २०२० मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या एका गाडीचे मिटणारे पत्र्याचे छप्पर सोडून पुन्हा कापडाचा आश्रय घेतला, ही गोष्ट ह्या दृष्टीने बोलकी आहे.

ओस्नाब्रुकचा कारखाना

टपाची परंपरा एका ठिकाणी सलग पाहावयाची तर जर्मनीतील ओस्नाब्रुक ह्या गावी जावे लागेल. तेथील एक जुना घोडागाड्यांचा कारखाना विल्हेल्म कारमान ह्याने १९०१ मध्ये विकत घेतला आणि लवकरच तो मोटारींची अंगे बांधू लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ पासून, ह्याच कारखान्यात फोक्सवागनच्या 'बीटल' गाडीची उघडी आवृत्ती तयार होऊ लागली. १९८० पर्यंत अशा सुमारे ३ लाख ३० हजार गाड्या तेथून बाहेर पडल्या.

ह्या गाडीचा टप पाहिला म्हणजे घोडागाडीचा वारसा म्हणजे काय ते कळते. बाहेर जाड आच्छादन, मधे घोड्याच्या केसांचा भरणा, आत अस्तर, मागे खरीखुरी काच, आणि हे सारे लाकडी पट्ट्यांवर ठोकलेले. मिटल्यावर ह्या सर्वांचा गठ्ठा मागील बाकाच्या पाठीशी एवढा उंच राही की चालकास मागचा रस्ता नीट दिसत नसे. परंतु हिवाळ्यात ही गाडी उबदार राही आणि वेगातही टप फडफडत नसे. तिचे दुखणेही जुन्याच जातीचे: कडेच्या शिवणीतून झिरपलेले पाणी लाकडी पट्टीत साठे, पट्टी कुजे आणि कुजलेल्या लाकडात खिळा धरेनासा झाला की धड कापडही सैल पडे. अनुभवी कारागीर म्हणून आधी लाकूड टोचून पाहतो, मग कापडाकडे वळतो.

अमेरिकेत ह्याच काळात टप निराळ्या वाटेने गेला. १९३९ मध्ये प्लिमथ कंपनीने यंत्राने आपोआप उघडणारा टप दिला. वाल्डो सेमॉन ह्याने १९२६ मध्ये मऊ केलेले पीव्हीसी शोधले होते. युद्धानंतर ते टपाच्या आच्छादनासाठी आणि मागील पारदर्शक खिडकीसाठी सर्रास वापरले जाऊ लागले. ते स्वस्त होते आणि धुण्यास सोपे होते. पण वर्षानुवर्षांच्या उन्हात त्यातील मऊपणा आणणारे द्रव्य उडून जाते. मग आच्छादन आक्रसते, खिडकी धुकट होते आणि थंडीत टप मिटताना ती खिडकी तडकते. १९८९ मध्ये आलेल्या माझ्दाच्या छोट्या दोन आसनी गाडीस अशीच पारदर्शक खिडकी होती. तिच्या कडेने साखळी बसविलेली असे आणि टप मिटण्यापूर्वी साखळी उघडून खिडकी सपाट ठेवावी लागे. घाईत हे न केल्याने अनेक खिडक्या निकामी झाल्या. १९९८ मध्ये पुढील आवृत्तीत काच आली, तेव्हा हा प्रश्न मिटला.

दरम्यान वातानुकूलन पसरले, महामार्गांवरील वेग वाढला, आणि गाडी उलटल्यास काय, हा प्रश्न गंभीरपणे विचारला जाऊ लागला. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोरॅडो ही अमेरिकेची शेवटची उघडी गाडी म्हणून विकली गेली. हे भाकीत खोटे ठरले. १९८२ मध्ये क्रायस्लरने उघडी गाडी पुन्हा आणली. ओस्नाब्रुकच्या कारमान कंपनीचे मात्र २००९ मध्ये दिवाळे निघाले आणि घोडागाडीपासून चालत आलेले एक घराणे संपले. कारखान्याची जागा फोक्सवागनने घेतली. जागा आणि यंत्रे हाती येतात. हातांतील सवय मात्र माणसांबरोबर पांगते.

दुरुस्ती म्हणजे काय

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. टप गळतो म्हणून येणाऱ्या गाडीत दोष टपाचाच असेल असे नाही. कडेने वाहून येणारे पाणी खाली सोडण्यासाठी अंगात पन्हळी व नळ्या असतात. त्यांत पाने आणि माती अडकली की पाणी आत उलटते. काचेच्या कडेची रबरी पट्टी चेपलेली असते, किंवा काचच नीट वर येत नाही. म्हणून आधी पाणी सोडून पाहणे, ते कोठून येते हे खालून वर तपासणे, आणि मगच कापडास हात लावणे हा शहाणा क्रम होय.

फाटणे लहान असेल तर आतून ठिगळ लागते. ठिगळ चिरेहून चांगले मोठे घ्यावे आणि त्याचे कोपरे गोल कापावे. टोकदार कोपरा आधी सुटतो. चिकटविण्याचे द्रव्य सुकल्यावरही लवचीक राहणारे हवे. कडक होणारे द्रव्य घडीवर तडकते आणि पहिल्याहून मोठी चीर पाडते. कापड असेल तर जुन्याच भोकांतून नवा दोरा ओवता येतो. पीव्हीसीच्या आच्छादनास मात्र नवी भोके पाडणे घातक. टपाल तिकिटाच्या कडेप्रमाणे ते नेमके त्या ओळीत फाटते. दोऱ्याच्या निवडीतही तारतम्य आहे. सुती दोरा भिजला की फुगतो आणि आपणच पाडलेले भोक बुजवितो. पण तो कुजतो. पॉलिएस्टरचा दोरा कुजत नाही. पण फुगतही नाही, म्हणून शिवणीवर वेगळा लेप द्यावा लागतो.

सबंध कापड बदलणे ही दुरुस्तीची परमावधी, आणि पोथीची उपमा खरी लागू पडते ती येथे. जुना टप काढण्यापूर्वी कारागीर त्यावर मध्यरेषा आखतो, प्रत्येक कमान कोठे टेकते ती जागा खडूने नोंदवितो आणि मग एकेक खिळा उपसतो. नंतर शिवणी उसवून तुकडे सपाट पसरतो व त्यांवरून नवे कापड बेततो. जुने, मळके, फाटके कापड हाच त्याचा नकाशा असतो.

पण जशीच्या तशी नक्कल काढणारा फसतो. जुने कापड कोठे ताणलेले असते, कोठे आक्रसलेले असते. मागच्या कारागिराने केलेली तडजोडही त्यात दडलेली असते. तीच मापे घेतली तर तेच झोळ नव्या कापडात उतरतात. म्हणून कुशल कारागीर डाव्या अंगाचे तुकडे उजव्या अंगाच्या तुकड्यांशी ताडून पाहतो. एक बाजू बिघडली असेल तर दुसरी साक्ष देते. जुन्या खिळ्यांच्या भोकांच्या किती ओळी आहेत हे पाहून टप किती वेळा बदलला गेला ह्याचा अंदाज बांधतो, आणि सर्वांत जुनी ओळ शोधतो. शेवटी तो कापडाला नव्हे, सांगाड्याला प्रमाण मानतो. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे जो प्रश्न होता त्याची जात हीच होती, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती वाटू नये. विषयांच्या योग्यतेत अंतर आहे ते आहेच. पण अनेक हातांतून आलेल्या वस्तूतील मूळ कोणते आणि मागाहून आलेले कोणते हे ठरविण्याची दृष्टी दोन्हीकडे एकच लागते.

कापड बेतून झाले की ते बसविण्याची कसरत उरते. मागचा भाग आधी ठोकावयाचा, मध्यरेषा जुळवून कापड पुढे आणावयाचे, पुढची कमान किंचित उचललेली असताना कडा टाचावयाची आणि मग कमान खाली दाबून अडकवावयाची. त्या दाबानेच टपाला शेवटचा ताण येतो. ताण कमी तर वाऱ्यात फडफड, जास्त तर शिवण उसवते. टाचलेल्या खिळ्यांवर दुमडपट्टी बसली की काम संपते, आणि त्यातील सारी अक्कल त्या पट्टीखाली झाकली जाते.

आपल्याकडील टप

विसाव्या शतकाच्या आरंभी बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील संस्थानिकांच्या गाडीखान्यांत मोटारी आल्या आणि त्यांत उघड्या गाड्यांचा भरणा मोठा होता. मिरवणुकीत राजा प्रजेला दिसावा, शिकारीत चहूकडे दृष्टी पोहोचावी, ह्या गरजा त्यामागे होत्या. इंदूरच्या दुसऱ्या यशवंतराव होळकरांची ड्यूझनबर्ग गाडी जगप्रसिद्ध आहे; तिचा सांगाडा अमेरिकेचा आणि अंग लंडनच्या गर्नी नटिंग ह्या कारागीर कंपनीचे. ह्या गाड्यांचे टप युरोप-अमेरिकेच्या हवेसाठी बेतलेले होते. माळव्याचे ऊन आणि गुजरातचा पावसाळा ह्यांचा त्यांत विचार नव्हता. भिजलेला टप तसाच मिटून ठेवला की चार दिवसांत त्यावर बुरशी धरते. आणि आपल्याकडे चार चार महिने तो वाळण्याची वानवा.

संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये तनखेही बंद झाले, आणि कित्येक गाड्या विकल्या गेल्या वा तशाच पडून राहिल्या. परंतु टप शिवण्याची कला त्यांच्याबरोबर बुडाली नाही. तिला निराळे, अधिक साधे आश्रयदाते मिळाले. युद्धोत्तर काळात जीप आली, मग रिक्षा आली, १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. ह्या सर्वांस कापडी टप होता. रिक्षाचा काळा हूड बदलून देणारी दुकाने गावोगावी उभी राहिली. तेथे सांगाडा वाकवून सरळ करणे, रेक्झिन बेतणे, नवार ठोकणे, कडेला गोट घालणे ही कामे आजही एका बैठकीत होतात. 'रेक्झिन' हा आपल्या बोलीत रुळलेला शब्द मुळात मँचेस्टरजवळच्या हाइड गावातील एका कंपनीच्या कृत्रिम चामड्याचे नाव होते, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते. टपाच्या धंद्याने आपल्या भाषेत सोडलेली ही एक खूण आहे.

उघड्या मोटारीला श्रीमंतांचे खेळणे मानण्याची रीत आहे. आपल्याकडील अनुभव निराळा आहे. राजाच्या गाडीचा टप आणि रिक्षाचा हूड ह्यांमागील कौशल्य एकच. आणि पहिल्याची गरज सरली असता दुसऱ्याने ते सांभाळले.

जुने कापड फेकावे काय?

अलीकडे जुन्या मोटारींविषयी आपल्याकडे जिव्हाळा वाढला आहे. २०२३ च्या जानेवारीत वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले. अशा प्रदर्शनांत चकचकीत रंगाच्या आणि कोऱ्या टपाच्या गाड्यांस सहज दाद मिळते. परंतु जुनी गाडी नवी करून दाखविणे आणि ती जपणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये मान्य केलेली तुरिनची सनद हाच भेद स्पष्ट करते. मूळ द्रव्य शक्य तितके राखावे, बदल करावा लागलाच तर तो कमीत कमी असावा आणि त्याची नोंद राहावी, असा तिचा आशय आहे.

टपाच्या बाबतीत हे तत्त्व पाळणे अवघड आहे, हे आम्ही नाकारीत नाही. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीस गळका टप चालणार नाही. तो गळत राहिला तर खालचे लाकूड, बाक आणि पत्राही कुजेल. मूळ कापडाच्या मोहाने मूळ गाडी गमावणे हा शहाणपणा नव्हे. कित्येक परदेशी गाड्यांसाठी आता तयार मापाचे टप मिळतात आणि नित्याच्या गाडीला ते बसविण्यात गैर काही नाही. पण ज्या गाड्या थोड्याच उरल्या आहेत, ज्यांची अंगे एकेका ग्राहकासाठी वेगळी घडविली गेली, त्यांच्या टपाचा नकाशा जुन्या कापडाखेरीज सहसा कोठे सापडत नाही. ते कापड कचऱ्यात गेले की पुढच्या पिढीतील कारागीर आपल्या नकलेवरून नक्कल करील आणि तिची खातरजमा करण्यास त्याच्यापाशी दुसरी प्रत नसेल.

यास्तव आमची सूचना साधी आहे. नवा टप घालावा; जुना मात्र उसविल्यावर स्वच्छ करून, वाळवून, तुकड्यांवर खुणा लिहून जपून ठेवावा. तो कधी काढला, कोणते कापड, कोणता दोरा आणि टाका कसा होता, ह्याची चार ओळींची टीप गाडीच्या कागदपत्रांत लावावी. ज्या संस्थानी घराण्यांकडे आणि संग्रहालयांकडे अशा गाड्या आहेत त्यांस हे काम जड नाही. त्याबरोबरच आपापल्या गावातील हूड शिवणाऱ्या वृद्ध कारागिरांकडून त्यांच्या हत्यारांची, टाक्यांची आणि जोडकामाची नावे उतरवून घ्यावी. हे काम साहित्यसंस्थांनीही अंगावर घेण्याजोगे आहे, कारण त्या नावांत आपल्या भाषेचाही एक कोपरा आहे. वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव येथे मराठीने शेजारच्या भाषांशी संसार करीत कारागिरीचे जे शब्द जमविले, ते छापील कोशांत शोधून सारेच सापडणार नाहीत. ज्यांच्या हाती आज दाभण आहे, त्यांच्याकडूनच ते घ्यावे लागतील.